उलट्या वाटेचे स्टेशन

बहुतेक रेल्वे स्टेशनांना गावाचे नाव असते. स्टेशन बंद झाले तरी गाव राहते आणि गावाबरोबर नावही राहते. आम्ही ज्या स्टेशनाबद्दल लिहीत आहोत, त्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ते गावासाठी बांधलेच नव्हते. बोरघाटातल्या एका अरुंद डोंगरसोंडेवर गाडीची दिशा बदलण्यासाठी ते बांधले गेले आणि ज्या कामासाठी बांधले त्याच कामाचे नाव त्याला मिळाले : रिव्हर्सिंग स्टेशन. 1863 साली ते सुरू झाले, 1929 साली बंद झाले. सहासष्ट वर्षे मुंबई आणि पुणे यांच्यामधली प्रत्येक गाडी तिथे थांबली, उलटी फिरली आणि पुढे गेली. आज मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या हजार माणसांना विचारले, तर त्यातल्या किती जणांना या स्टेशनाचे नाव सांगता येईल, याची आम्हाला शंका आहे.

कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे गावच्या अंगाने हा घाट पाहिला, म्हणजे त्याची रचना चांगली ध्यानात येते. एका बाजूला राजमाचीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी. मधे उल्हास नदीचे खोरे. पलीकडच्या डोंगराच्या कुशीत रेल्वेची वाट. पावसाळा संपून हवा स्वच्छ झाली की पलीकडे बोगद्यात शिरणारी आणि बाहेर पडणारी गाडी इकडून दिसते. आमच्या भागातल्या मुलांना हे दृश्य इतके सवयीचे असते, की ही वाट कोणी, कशी आणि कशाच्या मोबदल्यात बांधली हा प्रश्नच मनात येत नाही. म्हणून ही तवारीख इथे मांडतो आहोत.

रेल्वेच्या आधी घाट नव्हता असे नाही. कोकणातून देशावर जाण्याच्या वाटा फार जुन्या आहेत आणि बोरघाट त्यांतली महत्त्वाची वाट होती. पेशवाईत नाना फडणिसांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला तलाव आणि महादेवाचे मंदिर बांधले, यावरूनच या वाटेवरच्या वर्दळीची कल्पना येते. इंग्रजी अमलात सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तोवर माल बैलांच्या पाठीवरून जाई, तो आता चाकांवरून जाऊ लागला. पण मुंबई बंदरात येणाऱ्या आणि तिथून जाणाऱ्या मालाला, विशेषतः देशावरच्या कापसाला, बैलगाडीची चाल पुरेशी नव्हती.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. 1856 साली तो पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आला. इंग्रजांच्या कागदांत खोपोलीचे नाव कॅम्पुली असे होते. 1858 साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे ही गाडी सुरू झाली. म्हणजे खाली रेल्वे होती, वर रेल्वे होती आणि मधे डोंगर होता. मुंबईहून निघालेला मुसाफिर खोपोलीला उतरे. तिथून पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. ही मधली तूट भरून काढायला 1863 साल उजाडावे लागले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. घाटाची पाहणी आणि आखणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. 1857 साली मुंबईत त्यांनी या घाटावर एक निबंधही वाचला होता. त्यांच्यापुढचा प्रश्न आकड्यांत सांगायचा तर असा होता : चढाचा पायथा समुद्रसपाटीपासून 196 फूट उंच आणि माथा 2027 फूट उंच. म्हणजे सुमारे सोळा मैलांच्या वाटेत गाडीला 1831 फूट चढायचे होते. काही ठिकाणी चढ 37 फुटांना 1 फूट इतका तीव्र ठेवावा लागला. पायी चालणाऱ्याला असा चढ फारसा जाणवणार नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते आणि मागे जड डब्यांची रांग असते. वाफेच्या इंजिनाला हा चढ जीवघेणा होता.

खंडाळ्याच्या जवळ आल्यावर आणखी एक अडचण होती. डोंगराची सोंड अरुंद, बाजूला खोल दरी. गाडीला वळसा घालून वर न्यायचे तर वळणापुरती जागाच नव्हती. यावर काढलेला तोडगा समजावून सांगताना आम्ही वर्गात उर्दूतल्या सातच्या आकड्याचा आधार घेतो. उर्दूत सातचा आकडा म्हणजे दोन तिरक्या रेघा, एका टोकाला मिळालेल्या. गाडीने एका रेघेवरून टोकापर्यंत यायचे. तिथे रूळ संपतात. इंजिन सोडायचे, बाजूच्या रुळावरून ते दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि जोडायचे. आता जो डबा शेवटचा होता तो पहिला झाला. मग दुसऱ्या रेघेवरून गाडी निघाली, दोन्ही रेघांवर चढ चढतच. वळण घेण्याऐवजी दिशा उलटायची. रेघा जिथे मिळतात त्या टोकावर जे स्टेशन होते, तेच आपले रिव्हर्सिंग स्टेशन.

ही युक्ती जगात इतरत्रही वापरली गेली. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या थळ घाटातही असेच स्टेशन होते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला लिथगो गावाजवळ 1869 साली अशीच नागमोडी वाट बांधली गेली. दार्जिलिंगची छोटी गाडी 1881 पासून अशाच उलटसुलट वाटेने डोंगर चढते. जिथे डोंगर मोठा, जागा लहान आणि लांब बोगदा खणायला वेळ व पैसा नाही, तिथे माणसाने एक पाऊल मागे घेऊन पुढे जायचा मार्ग काढला.

कागदावर वाट आखणे एक आणि बेसॉल्टच्या कड्यात ती कोरणे दुसरे. घाटाचे काम 24 जानेवारी 1856 रोजी सुरू झाले आणि 21 एप्रिल 1863 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत घाट खुला झाला. सव्वासात वर्षे लागली. पंचवीस बोगदे खणले गेले, त्यांची एकत्रित लांबी सव्वादोन मैलांच्या वर भरते. आठ मोठे पूल उभे राहिले. त्या काळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. कड्यावरून दोराने माणसे खाली सोडायची, त्यांनी लोंबकळत छिन्नी-हातोड्याने भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि वर ओढून घ्यायचे. दोर तुटला किंवा बत्ती लवकर पेटली तर माणूस गेला. पावसाळ्यात बोगद्याबाहेरचे बहुतेक काम थांबे. मजूर गावी जात आणि पाऊस सरला की पुन्हा येत. 1861 साली या घाटावर बेचाळीस हजार माणसे काम करीत होती. त्यांत बायका होत्या, मुलेही होती.

या माणसांना मारणारे दरड आणि सुरुंग एवढेच नव्हते. हजारोंची वस्ती झोपड्यांत, पिण्याचे पाणी जे मिळेल ते. पटकी म्हणजे कॉलरा आला की झोपड्यांच्या झोपड्या रिकाम्या होत. घाटात नेमके किती जण मेले याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. अभ्यासकांनी मागाहून जे अंदाज बांधले ते हजारोंच्या घरातले आहेत. ज्या कामात दगडाचा प्रत्येक घनयार्ड मोजला गेला आणि खर्चाची पै न् पै नोंदली गेली, त्याच कामात मेलेली माणसे मोजली गेली नाहीत. घाटाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे असे आम्हाला वाटते.

मजुरी तरी वेळेवर मिळत होती का? तीही नाही. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांच्या काळात मजुरीवरून असंतोष वाढत गेला आणि 1859 च्या जानेवारीत त्याचा स्फोट झाला. मजूर गोऱ्या अंमलदारांवर चालून गेले. 1857 च्या उठावाला अजून दोन वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे सरकार हादरले. चौकशी झाली. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडले. शाळेच्या पुस्तकात 1857 असते, 1859 चा हा घाटातला उद्रेक नसतो. पण कष्टाचे दाम मागणाऱ्या आपल्या मुलखातल्या माणसांचे ते पाऊल आहे आणि ते विसरण्याजोगे नाही.

फॅव्हिएल गेल्यावर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आले. ते विलायतेहून 1859 च्या अखेरीस इथे पोचले आणि थोड्याच दिवसांत आजाराने मरण पावले. त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल परक्या मुलखात एकटी राहिली. तिने परत न जाता कंत्राट पुढे चालवले. अॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांकडे प्रत्यक्ष काम सोपवले आणि घाट पूर्ण करून घेतला. एकोणिसाव्या शतकात एका बाईच्या नावावर एवढे मोठे कंत्राट असणे ही साधी गोष्ट नाही. घाटाचे काम चालू असतानाचे जे फोटो आज पाहायला मिळतात, त्यांतल्या काहींशी तिचे नाव जोडलेले आहे. बर्कले यांना मात्र आपला घाट खुला झालेला पाहता आला नाही. प्रकृती ढासळून ते विलायतेला परतले होते, तिथे 1862 साली त्यांचे निधन झाले.

मजुरांची नावे राहिली नाहीत, पण त्यांचे शब्द राहिले. उर्दू शिकवण्याच्या निमित्ताने शब्दांची कुळे शोधण्याची आम्हाला सवय आहे. रेल्वेच्या कामावर आपल्याकडे जे शब्द रुळले ते पाहा. टोळीचा म्होरक्या तो मुकादम. हा शब्द अरबी आहे, अर्थ पुढे केलेला, पुढचा. मजूर फारसी, म्हणजे मोबदला घेऊन राबणारा. बिगारी हाही फारसीतून आलेला, पण मुळातला अर्थ नेमका उलटा, मोबदल्याशिवाय राबवून घेतलेला. हजेरी अरबी, रोज फारसी, हमाल अरबी. खलाशी हा शब्द जहाजावरून रुळावर आला, तोही अरबीच्या घरचा. मिस्त्री आणि पगार हे पोर्तुगीजांनी दिले. पाथरवट, छिन्नी, कातळ हे आपल्या मातीतले. हे शब्द घाटातच जन्मले असे आमचे म्हणणे नाही. त्यांतले पुष्कळ कितीतरी आधीचे आहेत. पण एका मुकादमाने एका सकाळी हजेरी घेतली, खलाशाला हाक मारली आणि पाथरवटाला कातळ दाखवला, एवढ्यात एकाहून अधिक भाषा बोलून झाल्या. त्या रांगेत उभ्या असलेल्यांची जात, धर्म आणि मुलूख एक नव्हता, हेच त्यातून कळते. मराठी ही कोणा एकाची मिरास नाही, असे आपण साहित्याच्या व्यासपीठावरून नेहमी सांगतो. याचा पुरावा ग्रंथांत शोधायला हवा असे नाही. तो रेल्वेच्या हजेरीपटात आहे.

घाट खुला झाला तरी त्याची परीक्षा संपली नव्हती. 1867 च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा पूल कोसळला आणि तो पुन्हा बांधावा लागला. उतरणीवर ब्रेक निकामी होण्याची भीती कायमचीच. त्यासाठी मुख्य वाटेला फाटे काढून चढाचे रूळ टाकले गेले, बेफाम सुटलेली गाडी त्यावर चढून आपोआप थांबावी म्हणून. आजही उतरणाऱ्या गाड्या घाटात ठरलेल्या जागी थांबून ब्रेक तपासून घेतात. ठाकूरवाडी, जांबरुंग, नागनाथ, मंकी हिल ही त्या वाटेवरची नावे. त्यांतली ठाकूरवाडी आणि जांबरुंग ही इथल्या वस्त्यांची नावे आहेत, म्हणून ती जिवंत राहिली. रिव्हर्सिंग स्टेशनला तसे गाव नव्हते.

स्टेशन बंद का झाले, त्याचे कारण त्याच्या रचनेतच होते. डोंगराच्या सोंडेवर जेवढी जागा, तेवढीच गाडीची लांबी. डबे वाढवायचे तर टोकाचे रूळ लांबवायला हवेत आणि पुढे तर दरी. शिवाय प्रत्येक गाडीचा थांबा, इंजिन सोडणे, फिरवणे, जोडणे यात वेळ जाई. एक गाडी उलटेपर्यंत दुसरीने वाट पाहायची. 1863 साली जी युक्ती होती, तीच पन्नास वर्षांनी गळ्यातला फास झाली. मुंबई वाढली, पुणे वाढले, वाहतूक वाढली.

1925 साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली. त्यानंतर कल्याणपासून पुण्यापर्यंतच्या वाटेवर विजेच्या तारा आल्या. मंकी हिल ते खंडाळा या टप्प्यात नवे बोगदे खणून नवी वाट काढली गेली आणि 1929 साली रिव्हर्सिंग स्टेशनची गरज संपली. घाटासाठी विजेची जी इंजिने आली, त्यांना रेल्वेच्या कामगारांनी खेकडा असे नाव दिले होते. 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी धावू लागली. तिच्या वेगाचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले आहे. पण घाटात थांबून उलटे फिरायचे असते तर ती राणी झाली नसती, हे कौतुक करणाऱ्यांनी सहसा सांगितलेले नाही.

जुन्या वाटेचे पुढे काय झाले? खंडाळ्याच्या अलीकडे, अमृतांजन पूल म्हणून लोक ज्याला ओळखत त्या परिसरात तिचे अवशेष होते. तो पूल 1830 च्या गाडीरस्त्याच्या काळातला. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि त्याचे खांब रस्त्यात अडचण होऊ लागले. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. वाहतुकीची गरज खरी होती, ती आम्ही नाकारत नाही. पण जुन्याची नोंद नीट करून मग ते काढणे आणि नुसतेच काढणे यांत फरक आहे.

ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या नागमोडी वाटेचा उल्लेख वर आला. तीही 1910 साली अशाच कारणाने बंद झाली. दहा बोगदे खणून नवी वाट काढली गेली. पण तिथल्या हौशी लोकांनी पुढे एकत्र येऊन 1975 साली त्या जुन्या वाटेवर पर्यटकांसाठी गाडी सुरू केली. आपल्याकडे तशी गाडी सुरू व्हावी असा आमचा आग्रह नाही. घाटात तेवढी जागाही नाही. पण त्या जागी, लोकांना वाचता येईल असा, मराठीत लिहिलेला एक दगड असायला काय हरकत आहे?

दगडाचा विषय निघालाच आहे, तर पुन्हा कोंडाण्याकडे वळू. तिथली लेणी इसवी सनाच्या आधीच्या शतकातली मानली जातात. म्हणजे या डोंगरातला बेसॉल्ट रेल्वेच्या सुरुंगांनी पहिल्यांदा फुटला असे नाही. त्याच्या जवळजवळ दोन हजार वर्षे आधी छिन्नीने तो कोरला गेला होता. त्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ. बलक कोण होता, कुठला होता, आणखी काही कळत नाही. पण त्याचे नाव आणि त्याच्या उस्तादाचे नाव राहिले. दरीच्या अलीकडे एका कारागिराचे नाव दोन हजार वर्षे टिकते. पलीकडे बेचाळीस हजारांतले एकही नाव दीडशे वर्षांत उरत नाही. दगड दोन्हीकडे एकच आहे. नाव लिहायला दगड कमी पडला नव्हता.

ही नावे आता मिळतील का? सगळी नाही मिळणार. पण 1929 नंतर जी माणसे त्या स्टेशनातून दुसरीकडे गेली, कोळसा टाकणारे, कांटेवाले, इंजिन जोडणारे, गँगमध्ये राबणारे, त्यांची नातवंडे-पतवंडे आपल्यातच असणार. कर्जत, खोपोली, लोणावळा, कल्याण या रेल्वेच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेत नोकरी केलेली घराणी आहेत, त्यांत मुसलमान घराणीही आहेत. त्यांच्या पेट्यांत नोकरीचे जुने दाखले, पितळी बिल्ले, पेन्शनचे कागद, एखादा पिवळा पडलेला फोटो असेल. घरात साफसफाई निघाली की असे कागद पहिल्यांदा रद्दीत जातात. वाचकहो, ते जाऊ देऊ नका. कागदावरचे नाव, हुद्दा, साल आणि ठिकाण एका वहीत उतरवून घ्या. आजोबा-नाना हयात असतील तर त्यांना विचारा, ते कोणत्या शब्दांत सांगतात तेही लिहून ठेवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा.

शिक्षकांना आमचे एक जास्तीचे सांगणे आहे. आपल्या मुलांना अकबराचे नवरत्न पाठ असतात, पानिपतचे साल पाठ असते. ते असायलाच हवे. पण जो डोंगर ते रोज पाहतात त्याचा इतिहास त्यांना परका असतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाने घरून रेल्वेचा, घाटाचा, मजुरीचा एकेक जुना शब्द आणि त्यामागची एकेक हकीकत आणली, तर वर्षाअखेरीस एक वही भरेल. त्या वहीतून सरकारी इतिहास बदलणार नाही. पण ज्या माणसांची गणती कोणी केली नाही, त्यांतल्या काहींची तरी गणती आपल्या हातून होईल. बंद पडलेल्या स्टेशनाकडे आता गाडी येणार नाही. तिथे राबलेल्यांची नावे मात्र अजून येऊ शकतात, कोणी विचारले तर.